घाटात गार राहिलेलं इंजिन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही... ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. इथे तुम्ही सगळे आपापले अनुभव लिहिता, मी नुसता वाचतो. वाचताना बऱ्याचदा हसतोही — कारण माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. चकवा, हडळ यांच्यावर आजही नाही. मी इंजिनवाला माणूस. गाडीत आवाज आला तर त्याला कारण असतं, आणि ते पान्याने सुटतं. तेव्हा 'भास झाला असेल', 'टेन्शनमध्ये होतात' असं कृपया सुचवू नका. मी माझा हात लावून बघितलंय.

चिपळूण तालुक्यात सावर्ड्याला, हायवेला लागून माझं दुकान होतं. जुन्या डिझेल जीपगाड्या घ्यायच्या, ठाकठीक करून विकायच्या. २००३ साल. त्या वेळी आतल्या वाड्यांतून वडाप जोरात होतं; एसटी दिवसातून एखादी, बाकी सगळे जीपने. त्यामुळे मोठ्या गाडीला गिऱ्हाईक कायम.

शांताराम तसाच आला. सावर्ड्यापासून आत, डोंगराकडच्या एका वाडीतला. मुंबईत कंपनी बंद पडली म्हणून गावी परतलेला. हाती होतं त्यात एक गाडी घ्यायची आणि वाडी ते सावर्डे पॅसेंजर मारायचे, एवढंच त्याचं स्वप्न. माणूस सरळ. बॉनेट उघडून इंजिनकडे देवघरात बघावं तसा बघत राहिला आणि म्हणाला, "भाऊ, मला यातलं काय कळत नाय. तुम्ही बोलाल ते खरं."

गाडीचं नाव लिहीत नाही. दोष गाडीचा नव्हता.

वॉटर पंप माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनात पाणी फिरवत ठेवायचं काम त्याचं. पाणी फिरायचं थांबलं की इंजिन तापतं, हेड म्हणजे इंजिनचं वरचं झाकण वाकतं, पिस्टन चिकटतो — खेळ खलास. पंपाच्या पोटाला खालून एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की त्या भोकातून थेंब थेंब पाणी गळायला लागतं. पंप तुम्हाला सांगत असतो, माझं होत आलं, मला बदला.

त्या गाडीचा पंप गळत होता. नवा मिळायला कोल्हापूरहून यायचा होता, शांताराम शिमग्याआधी गाडी हवी म्हणून रोज फेऱ्या मारत होता, आणि मला दुसरं गिऱ्हाईक शोधायचा कंटाळा होता. मी ते भोक सीलेंटने बुजवलं. वर काळ्या रंगाचा हात फिरवला. गळती दिसायची बंद. पाणी मात्र कुठे जातं? आत बेअरिंगमध्ये. ग्रीस धुऊन काढतं, बेअरिंग खिळखिळं करतं, आणि एक दिवस पाणी ढकलणारं आतलं पातं सुटतं. बाहेरून पंखा फिरत असतो, पट्टा फिरत असतो, कुणाला काही कळत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. अजाणतेपणी केलं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

गाडी गेली. शिमगा झाला. शांतारामचं वडाप सुरू झालं. पण गाडीचं गाऱ्हाणं व्हायचं राहिलं होतं. मुंबईचे भाऊबंद मे महिन्यात आले की घालू, असं ठरलेलं. आमच्याकडे नवी वस्तू दारात आली की ग्रामदेवतेपुढे उभी करायची, नारळ ठेवायचा आणि मानकऱ्याने देवाला मोठ्याने सगळं सांगायचं. त्या वाडीत अजून एक रीत होती — गाय असो, जमीन असो की गाडी, विकणाऱ्यानेही तिथे यायचं आणि वस्तूत खोट नाही असं बोलायचं. मला हे माहीत नव्हतं. मी आपला जेवणाचं आमंत्रण समजून गेलो.

सकाळी देवळासमोर मंडळी जमलेली. गाडी धुऊन, झेंडूच्या माळा घालून उभी. शांतारामची बायको — सुलोचनावहिनी — मला चहा देत म्हणाल्या, "बगा भाऊ, काय येड लावलंत ह्यांना! गाडीला दिवसातून दोनदा पुसतात. माज्याकडं लगीन झाल्यापासून येवढं बगितलं नाय."

"गाडी उलट बोलत नाय गो," शांताराम बोलला.

"बोलंल. जुनी हाय, माज्यासारकी. बोलंलच एक दिवस."

सगळे हसले. मीही हसलो.

मानकरी म्हणजे शांतारामचे वडील, आप्पा. पंचाहत्तरीच्या पुढचे, काठीसारखे ताठ. त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुज्या लेकरान् गाडी घेतलेली हाय, ती तुज्या पायरीशी आणून उभी केलीय..."

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"तिच्यात बसणारा, तिला हाकणारा, रानात, घाटात, कुठं अडला तर तू वाट दे..."

"व्हय म्हाराजा!"

मग आप्पा माझ्याकडे वळले. "भाऊ, फुडं या. नारळाला हात लावा. गाडीत काय खोट असंल तर हितं बोला. नसंल तर नाय बोला."

मी पुढे झालो. नारळाला हात लावला, आणि नजर गाडीखाली गेली. पंपाच्या बरोबर खाली जांभ्या दगडावर ओल होती. धुतल्याचं पाणी केव्हाच सुकलेलं, ही ताजी होती. म्हणजे बेअरिंग गेलं, पाणी आता पुढून वाट काढतंय. मला हे एका क्षणात कळलं. सगळी वाडी माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हणालो, "काही खोट नाही."

"व्हय म्हाराजा!"

शांतारामच्या घरी पंक्ती बसायच्या होत्या. वहिनी चुलीला लाकडं आणायला मागच्या पडवीत गेल्या आणि हात धरून बाहेर आल्या. चेहरा पांढरा. "अवो... काय तरी चावलं."

आप्पांनी काठीने लाकडं बाजूला केली. फुरसं. हा साप किती विषारी, हे आमच्याकडे समजावून सांगावं लागत नाही. कोणीतरी भगताचं नाव काढलं. आप्पा कडाडले, "भगत नंतर! आधी डाक्टर! शांताराम, गाडी काड!"

त्या वाडीत तेव्हा दुसरी गाडी नव्हती. माझी मोटरसायकल होती, पण चावलेल्या बाईला त्या रस्त्याने तिच्यावर कसं नेणार? मधल्या सीटवर वहिनींना निजवलं, डोकं आप्पांच्या मांडीवर. मी पुढे शांतारामशेजारी बसलो. बसलो म्हणजे... मला बसावंच लागलं. गाडीचं काय होणार हे मला एकट्यालाच माहीत होतं.

इथे मी बोलायला हवं होतं. 'थांब, पाणी भरून घेऊ, वाटेत परत भरू' एवढं जरी म्हणालो असतो! पण मग लगेच प्रश्न आला असता — का? आणि मी आत्ताच नारळाला हात लावून बोललो होतो. मी गप्प बसलो.

सावर्ड्यात एका छोट्या दवाखान्यात थांबलो. तिथे लस नव्हती, त्यांनी चिपळूणला पिटाळलं. हायवेला लागलो. वहिनींच्या हाताला सूज चढत होती, हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. शांताराम हाणत होता. घाट सुरू झाला तसा पंपातून आवाज आला — लोखंड लोखंडावर घासल्याचा, किर्रर्र करून. मग एक खट्ट. आणि आवाज बंद.

पातं सुटलं. मला शंका नव्हती, आजही नाही. आता पाणी फिरणार नाही, आणि असलेलं गळून गेलेलं. चढ, भर दुपार, मे महिना, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. असं इंजिन पहिल्या एक-दोन वळणांत दम सोडतं. आधी ओढ कमी होते, मग जळका वास, मग धूर. मी वासाची वाट बघत बसलो.

वास आला नाही.

टेम्परेचरचा काटा खालीच होता, पण त्याचं मला काही वाटलं नाही. पाणीच नसलं की काटा खोटं दाखवतो, हे धंद्यातला कुणीही सांगेल. पण ओढ? गाडी रिकामी असल्यासारखी चढत होती. आणि माझ्या पायांना गारवा लागायला लागला. त्या गाडीला एसी नव्हता. त्या जागी इंजिनची धग येते, उन्हाळ्यात पाय भाजतात. तिथून गार हवा येत होती... विहिरीत वाकून बघताना तोंडाला लागते तशी.

मागून वहिनी पुटपुटल्या, "पाय गार पडलं माजं."

शांताराम रडायलाच लागला. "अगो असं बोलू नको! आप्पा, तिला झोपू देऊ नका!"

"हाण तू," आप्पा म्हणाले. आणि मग हळूच, "माजं पण पाय गार झालेत."

आम्ही घाट उतरलो. चिपळूणला दवाखान्याच्या दारात गाडी उभी केली, वहिनींना आत नेलं. लस होती. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत. अजून उशीर झाला असता तर अवघड होतं." शांताराम त्यांच्या पाया पडायला गेला.

मी बाहेर आलो. बॉनेट उघडलं. सवयीने हाताला फडकं गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवलं. वाफ नाही. आत बोट घातलं — कोरडं, तळाला गंजाची भुकटी. मग फडकं काढलं आणि उघडा तळवा इंजिनच्या हेडवर ठेवला.

गार. सावलीतल्या दगडासारखं गार.

किती वेळ हात तिथे होता, सांगता येणार नाही. मागे आप्पा येऊन उभे राहिले होते. त्यांनीही हात लावला.

"गार कसं रे हे?"

मी फडकं परत हाताला गुंडाळायला लागलो.

"भाऊ, तुला काय बोलायचं हाय?"

"नाही आप्पा."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. मग म्हणाले, "बरं. गाडी ऱ्हाऊ दे हितंच. तिला आता हात लावू नका."

पण दुसऱ्या दिवशी शांतारामने स्टार्टर मारला. एक आचका देऊन इंजिन जाम झालं. टोचन लावून ओढत माझ्याकडे आणली. मी आणि माझ्या मेस्त्रीने इंजिन उघडलं. हेड वाकलेलं, पिस्टन सिलिंडरला चिकटलेले, गॅस्केट जळून कोळसा. पंपातलं पातं दांड्यापासून तुटलेलं — आणि तुटल्या जागेवर गंज. ताजं तुटलेलं लोखंड चकाकतं. यावर लालसर थर होता. मेस्त्री म्हणाला, "भाऊ, हे घाटाच्या आधीच मेलेलं इंजिन हाय. कोण चालवत होतं हे?"

मी खूप विचार केलाय. काटा खोटा, मान्य. गंज एका रात्रीत थोडा चढतो, तेही मान्य. पण जळालेलं इंजिन घाट चढत नाही, आणि घाट चढून आलेलं कुठलंही इंजिन, अगदी चांगलंसुद्धा, दारात उभं केल्या केल्या गार नसतं. या दोन गोष्टींना माझ्याकडे उत्तर नाही. चांगल्या चांगल्या मेस्त्र्यांना 'एका मित्राचं' म्हणून विचारून बघितलं. सगळे हसले.

देवाने मला शिक्षा केली असती तर मला समजलं असतं. पण त्या दिवशी जे काही झालं ते माझ्याबद्दल नव्हतंच. ते वहिनींसाठी होतं. मी फक्त शेजारी बसलो होतो.

शांतारामला मी दुसरं इंजिन बसवून दिलं, आणि पंप नवा. काहीच घेतलं नाही. वाटलं, हलकं होईल. उलटंच झालं. तो वाडीभर सांगत फिरला — "माज्याच चुकीनं इंजिन जाळलं मी, घाईत पाणी बगितलं नाय, पण भाऊनं बगा, देवमाणूस!" खोटं मी बोललो, आणि दोष त्याने स्वतःकडे घेतला. मी तेव्हाही गप्प बसलो. त्यानंतर एकही भोक बुजवलं नाही, हे खरं. पण त्याने काय होतं?

आप्पा गेले. जाण्याआधी एकदा दुकानासमोर थांबले होते, पाणी प्यायले, इकडचं तिकडचं बोलले. मला वाटतं ते मला अजून एक संधी देत होते. मी हवापाण्यावर बोललो.

वहिनी ठणठणीत आहेत. त्या हाताची करंगळी वाकत नाही, बाकी काही नाही. कुणीही विचारलं की सांगतात, भाऊंनी दिलेल्या गाडीनं मला वाचवलं.

गाडीने वाचवलं की आणि कशाने, हे मला माहीत नाही. पण माझ्या खोटेपणाने त्यांचा जीव जाणार होता, हे मला माहीत आहे आणि त्यांना नाही. शांताराम आणि सुलोचनावहिनी या दोघांना मी खरी हकिकत सांगायचं देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.