तिचं पानी

जूचंद्रच्या वाटेवर मिठागरांचा वास अजून येतो. नव्या इमारतींच्या फटींतून येतो. खारट, कुजकट, उन्हात तापलेल्या चिखलाचा. काल एका स्नेह्याचा नवा फ्लॅट पाहायला गेलो होतो. त्यानं कौतुकानं खिडकी उघडली, वास आत आला आणि मला तिथं बसवेना.

निवृत्तीच्या आधी कॉलेजातला एक उपक्रम माझ्याकडे होता. आमच्या मुलांना परदेशी जाणं परवडणारं नव्हतं. म्हणून तिकडचा वर्ग पडद्यावर आणून आपल्या वर्गाला जोडायचा, दोन्हीकडच्या मुलांनी एकत्र शिकायचं, शेवटी मिळून सादरीकरण करायचं. त्यात मिठागरावर राबणाऱ्या घरातली एक मुलगी होती. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मला तिकडं कोन धाडनार, सर? तिकडची मानसंच हितं आली, बरं झालं." तिला पुढं प्राध्यापक व्हायचं होतं. हा वर्ग तिला त्याची पहिली पायरी वाटत होता.

पलीकडच्या वर्गाच्या बाईंनी प्रत्येकाला घरच्या बोलीतलं एक वाक्य म्हणायला सांगितलं. ती उभी राहिली. "पानी आटला का मीठ दिसतं."

मी देशावरचा, उच्चारांचा अभिमानी. "पाणी," मी म्हणालो. "ण! जीभ वर टेकव. परदेशी लोक ऐकतायत."

"पानी," ती म्हणाली. पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा तेच. मागून कोणी ओरडलं, "ए पानीपुरी, तिखा की मीठा?" वर्ग हसला. मीही हसलो. मग तिचा माइक बंद केला आणि बाईंना सांगितलं, नेट गेलं. सादरीकरणातही तिला घेतलं नाही. तरी ती येत राहिली, शेवटच्या बाकावर बसत राहिली.

सादरीकरणाच्या दिवशी पलीकडचा एक मुलगा पडद्यावर आला. बाईंनी त्या पहिल्या तासाच्या रेकॉर्डिंगवरून त्याच्याकडून एक वाक्य घोटून घेतलं होतं. हात जोडून तो म्हणाला, "पानी आटला का मीठ दिसतं."

पहिली टाळी माझी होती. "वा! काय मातीचा गंध आहे!" मी म्हणालो.

ती उठली. "सर, त्याला ‘ण’ नाय शिकवलात?"

कोणी हसलं नाही. ती उत्तरासाठी थांबली होती. "खाली बस," मी म्हणालो, "पाहुण्यांसमोर तमाशा नको." ती बसली नाही. दाराबाहेर गेली ती पुन्हा कॉलेजात आलीच नाही.

कोणी विचारलं की मी म्हणायचो, लग्न ठरलं असेल. हळूहळू त्यातला ‘असेल’ गळून पडला आणि तिचं लग्न हीच कॉलेजात खरी गोष्ट होऊन बसली. लग्न ठरलं नव्हतं. मी तिला घालवलं.

उपक्रम अजून चालतो. नव्या मुलांना आरंभी त्या परदेशी मुलाचं ते वाक्य पडद्यावर दाखवतात, मुलं कौतुकानं टाळ्या वाजवतात. त्यांत एखादी मिठागरावरची असेल, तर ती त्या टाळ्यांमधून काय शिकत असेल, याचा विचार मी आता करतो. आता माझ्या विचाराचा कोणाला काही उपयोग नाही.