ज्या गाडीत एकही खोट नव्हती

ती पांढरी गाडी मी अजून विसरलो नाही. गाडी चांगली होती म्हणून नव्हे. तिच्याबद्दल एक वाईट शब्द बोलायला तिला विकणारा माणूस तयार नव्हता, म्हणून.

नव्वदीची मधली वर्षं. सुरतेत पांडेसऱ्याच्या बाजूच्या एका ठाण्यात मी जमादार होतो, डी-स्टाफमध्ये. डी-स्टाफ म्हणजे साध्या कपड्यात फिरून गुन्हे शोधणारी माणसं. माझं शिक्षण सातवी. लिहायची सवय नाही, तेव्हा घडलं तसं सांगतो. नाव कोणाचंच लिहीत नाही.

प्रकरण माझ्या घरातूनच निघालं. बायकोचा धाकटा भाऊ धुळ्याकडून कापड रंगवायच्या कारखान्यात हेल्पर म्हणून आला, रंगमास्तर झाला, आणि मग पलसाण्याच्या रस्त्यावर भागीदारीत छोटं डाइंग हाऊस घेऊन बसला. हुशार पोरगा. पण त्याच्याकडे जुनी व्हॅन होती आणि व्यापारी मोठमोठ्या गाड्यांतून यायचे. एका मार्केटच्या गेटवर वॉचमनने त्याला ड्रायव्हर समजून मागच्या दाराने जायला सांगितलं. ते त्याच्या मनाला लागलं. तेव्हापासून त्याने परदेशी गाडीचा ध्यास घेतला. चार दारं हवीत, बायको-पोरं मागे बसली पाहिजेत, आणि पाय दाबला की गाडी शर्यतीच्या गाडीसारखी सुटली पाहिजे. नवी परवडणार नव्हती, म्हणून जुनी.

बरेच महिने त्याने गाड्या बघितल्या. एकीला रंग मारलेला होता, एकीचं मीटर मागे फिरवलेलं. शेवटी पलसाण्याजवळच्या एका शेडमध्ये ही पांढरी सापडली. जर्मन बनावट, आत चामड्याच्या सीटा, इंजिनाचा आवाज मांजर झोपल्यासारखा. भावही इतरांपेक्षा बराच कमी. तरीसुद्धा एवढे पैसे आणायचे कुठून? त्याने डिंडोलीचं घर विकायचं ठरवलं. त्या घरात माझी सासू राहत होती. गिऱ्हाईक ठरलं होतं, बानाखतावर, म्हणजे विक्रीच्या करारावर, सही तेवढी बाकी होती. सासूला भाड्याच्या खोलीत नेणार होता.

माझी बायको भावाशी बोलेनाशी झाली. मला म्हणाली, "तुम्ही पोलीस ना? मग जाऊन बघा ती गाडी काय खाते. घेताना सगळेच घेतात, पोसायला कोण आहे?"

मी मेव्हण्याचा नातेवाईक म्हणून साध्या कपड्यात गेलो. विकणारा चाळिशीचा, सफारी घातलेला, बोलायला गोड. गाडी स्वतः पहिल्यापासून वापरतो, आता परदेशी जायचं म्हणून काढतो आहे, असं सांगत होता. मला गाडीतलं काही कळत नाही. म्हैस घेताना विचारतात तसं मी विचारत गेलो. पेट्रोल किती पिते? अगदी कमी. टायर? वर्षानुवर्षं बघायला नको. सुटे भाग? मिळतात सगळीकडे. कधी बंद पडली?

"काका, मख्खन आहे मख्खन. एक दिवस त्रास नाही दिला."

मी डिकी उघडायला सांगितली. चावी फिरली, डिकी उघडली नाही. आजच कुलूप अडकलंय, म्हणाला. मेव्हणा माझ्याकडे असा बघत होता की जणू मी पाहुण्यांत त्याची लाज काढली.

दुसऱ्या दिवशी आमच्या खबऱ्याने सांगितलं की त्या शेडमधला माणूस नंबर प्लेट कुठे बनवून मिळतात याची चौकशी करत होता. खबऱ्या जुने टायर विकायचा. गाड्यांच्या धंद्यातलं बरंच त्याच्या कानावर यायचं. मी पी.आय. साहेबांना सांगितलं, स्टेशन डायरीत नोंद केली, पंच घेऊन गेलो आणि गाडीसकट त्याला संशयावरून ठाण्यात आणलं.

कागद तपासले. इंजिन नंबर बरोबर, चॅसिस नंबर बरोबर, आर.सी. बुकावरचा मालक हाच. साहेब म्हणाले, "जमादार, कोर्टात काय सांगायचं? गोड बोलतो म्हणून धरला?" चॅसिस नंबर खोडून पुन्हा ठोकलाय का, हे लॅब सांगू शकली असती, पण लॅबला वेळ लागतो. कोर्टाने थोडका रिमांड दिला. तेवढ्यात काही निघालं नाही तर माणूस सुटणार, गाडीही सुटणार आणि डिंडोलीचं घर जाणार.

मेव्हणा ठाण्यात येऊन माझ्यावरच ओरडला, तेही आमच्या अहिराणीत. "दाजी, तुमले काय समजस गाडीमधलं?" त्याला वाटलं, बहिणीनेच मला फितवलं. अर्धं खरं होतं.

मी त्या माणसाला बरंच विचारलं. हात लावला नाही. त्याची जात मी ओळखली होती. अंगावरचे वळ मोजून कोर्टात दाखवणारी. काहीही विचारा, उत्तर तयार. असा माणूस खोटं बोलतो हे कळतं, पण कुठे ते सापडत नाही.

दुपारी घरी जेवायला गेलो. बायको वाढता वाढता माझ्यावर करवादत होती. बूट दारात काढले होते, डबा न धुता ठेवला होता. तिने विचारलं, काय म्हणतो तो? मी सांगितलं, गाडीची नुसती आरती ओवाळतो, एक खोट सांगत नाही.

ती भाकरी हातात घेऊन थांबली. म्हणाली, "इतकी वर्षं वापरली आणि एक शिवी नाही? मी तुम्हाला सकाळपासून चार दिल्या. अहो, ती गाडी त्याची नाही."

मी ताट तसंच ठेवून उठलो. त्यावर पाचवी बसली.

ठाण्यात येऊन मी त्याच्यासमोर बसलो आणि म्हणालो, नंबर राहू दे, गाडीचे दोष सांग. तो हसला. पुन्हा विचारलं. "काहीच नाही साहेब, फर्स्ट क्लास," म्हणाला. मग मी आमच्या जीपच्या ड्रायव्हरला त्या गाडीत बसवलं, आवारात गोल गोल फिरवायला लावलं आणि जे सापडेल ते सांग म्हटलं. ए.सी.चं पाणी डाव्या बाजूला बसणाऱ्याच्या पायावर टपकतं. मागची डावी काच अर्ध्यात अडकते. हॉर्न दोनदा दाबल्यावर वाजतो. डिकी चावीने उघडत नाही. हे सगळं मी त्या माणसाला विचारलं. त्याला एकही माहीत नव्हतं.

चोरीच्या गाडीचा बिनतारी संदेश आम्ही नेहमी नंबरावरून पाठवायचो. पण चोर नंबर बदलतो, रंग बदलतो. अडकणारी काच कोणी दुरुस्त करत बसत नाही. साहेबांच्या परवानगीने मी संदेशात गाडीचे दोष लिहिले आणि आजूबाजूच्या सगळ्या जिल्ह्यांना पाठवले. वायरलेसवाला हसला. म्हणाला, "जमादार, ही गाडी शोधताय की हिचा घटस्फोट लावताय?"

रिमांड संपायच्या आदल्या दिवशी नाशिकच्या एका ठाण्याचा फोन आला. आमचा संदेश वाचून त्यांनी बोलावलेले एक वयस्कर गृहस्थ समोर बसले होते. लग्नाच्या हॉलबाहेरून त्यांची गाडी चोरीला गेली होती, पण ती निळी होती. मी फोन त्यांना द्यायला सांगितला आणि एवढंच विचारलं, डिकी कशी उघडते?

"उघडते कुठे सुखासुखी?" ते तिथूनच सुरू झाले. "चावी फिरवायची आणि नंबर प्लेटच्या डाव्या बाजूला गुडघा मारायचा. मुंबईच्या मेकॅनिकला दोनदा पैसे दिले, हरामखोराने दोनदा बिघडवली."

मी आवारात गेलो. पंच बोलावले. त्या माणसाला शेजारी उभं केलं. चावी फिरवली आणि गुडघा मारला. डिकी उघडली. आत आहेराची पिशवी होती, वर नवं लुगडं, घडी न मोडलेलं. झाकणाच्या आतल्या बाजूला निळा रंग तसाच होता. त्या माणसाने ते बघितलं आणि पाणी मागितलं. मग सगळं सांगितलं. अपघातात मोडलेल्या गाडीचे कागद विकत घ्यायचे आणि तिचे नंबर चोरीच्या गाडीवर ठोकायचे, हा त्यांचा धंदा.

कोर्टाच्या हुकमाने गाडी न्यायला ते नाशिकचे गृहस्थ आले. मेव्हणाही आला होता, तोंड पाडून. दोघं बाकावर बसले. गृहस्थांनी त्याला न विचारता सगळं सांगितलं. एका टायरच्या पैशात तुमच्या व्हॅनचे चार येतील. काच फुटली तर परदेशातून यायची वाट बघा. पोट इतकं खाली की प्रत्येक गतिरोधकावर देवाचं नाव घ्या. घ्यायचीच असेल तर आधी गॅरेजच्या खड्ड्यावर चढवून खालून बघा, पहिल्या दिवसापासूनची सर्व्हिस विचारा, आणि जेवढ्याला घेतली तेवढेच तिला पोसायला बाजूला ठेवा.

मेव्हण्याने विचारलं, "मग तुम्ही विकत का नाही?"

म्हातारा चिडला. "विकून काय करू? माझी गाडी आहे."

बानाखत झालं नाही. मेव्हण्याने जुनी व्हॅनच दुरुस्त करून घेतली. सासू शेवटपर्यंत डिंडोलीच्या त्याच घरात राहिली.

पुढे नोकरीत मी कुठल्याही वस्तूचा मालक शोधताना आधी दोष विचारायचो. सायकल असो, बैल असो, सोन्याची माळ असो. ज्याची असते तो आधी कुरकुर करतो. कौतुक विकणाऱ्याकडे असतं.

गेल्या वर्षी बायको गेली. लोक भेटायला आले. म्हणाले, देवमाणूस होती, कधी कोणाला वाकडं बोलली नाही. मी म्हटलं, रोज बोलायची. आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा. मीठ हात सुटेल तसं घालायची. माझे बूट दारात दिसले की अर्धा तास सोडायची नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले. म्हातारा बिथरला असं वाटलं असेल त्यांना.

सगळे गेल्यावर मेव्हणा आला. त्याचेही आता केस पिकलेत. माझ्या शेजारी खाली बसला. मग म्हणाला, "दाजी, आक्का मनासंगे भलतीच भांडे."

मी उठलो आणि त्याच्यासाठी चहा ठेवला. त्या दिवशी घरात तिचं असं कोणी पहिल्यांदाच आलं होतं.