हुंकाराची कॅसेट

समस्त वाचकांनी उभे राहून ऐकावी अशी वार्ता आहे: आधुनिक शिक्षणयंत्राचा पहिला पराभव पूर्णा तालुक्यातल्या एका समाजमंदिरात, भर दुपारी, मेंढ्या राखणाऱ्या एका मावशींनी केला. मी त्याचा साक्षीदार. खरं तर आरोपीच.

ऐंशीच्या दशकात मी तिथे बायकांचा साक्षरता वर्ग चालवायचो. कार्यालयाने टेपरेकॉर्डर दिला होता आणि सोबत शहरी, गोड आवाजातले धडे. ते ऐकून ऐकून वीस बायांच्या पाच उरल्या. शनिवारी साहेब तपासणीला येणार होते. वर्ग चालताना दिसला नाही तर तो बंद, आणि माझी पहिलीवहिली नोकरीही.

मग मला युक्ती सुचली. गोष्ट सांगण्यात त्या मेंढीवाल्या मावशींचा गावात हात धरणारं कोणी नव्हतं; कोऱ्या कॅसेटवर त्यांचीच गोष्ट भरायची. त्या सांगणार म्हटल्यावर सगळ्या बाया धावत आल्या. मी दरडावलं, "शिंक आली तरी गिळा!" आणि बटण दाबलं. हरवलेल्या मेंढीची गोष्ट सुरू झाली. तीन वाक्यं झाली आणि मावशी गप्प.

"काय झालं, मावशी?"

"कोनी हुं म्हनंना. मी काय भिताडाला सांगायले व्हय, मास्तर?"

ऐकणाऱ्याने 'हुं' दिल्याशिवाय आमच्याकडे गोष्ट पुढे सरकत नाही. लहानपणी मीही हा हुंकार दिला होता, डी.एड. करताना विसरलो. पुन्हा बटण दाबलं, या खेपेला वीस हुंकारांसकट. आज इतक्या वर्षांनी गोष्टी मोबाइलवर हलतात, बोलतात, रंगीत दिसतात. चांगल्याच असतात. पण पोरांना दाखवण्याआधी मी प्रत्येकीत 'हुं' म्हणायला जागा आहे का, ते बघतो. जिथे ती नसते, तिथे पोरं नुसती बघतात.

शनिवारी वर्ग गच्च भरला. कॅसेट लावली; टेपमधल्या बाया हुं म्हणाल्या की समोरच्याही म्हणायच्या. मेंढी ओढ्याकाठी पोचली आणि मी टेप बंद केला. शेवट फळ्यावर लिहिला होता. एक बाई उठली, अक्षराखाली बोट धरून वाचू लागली, "में... ढी... ला..."

"हा गोंगाट आहे, शिक्षण नव्हे," म्हणत साहेबांनी शेरा लिहायला पेन उघडलं आणि ते उठले.

पण तो शेरा काही लिहिला गेला नाही आणि वर्ग पुढे दोन वर्षं चालला. त्याचं श्रेय मी साहेबांच्या जीपच्या ड्रायव्हरला देतो. दारात उभं राहून ऐकता ऐकता त्याचं भान सुटलं आणि तो ओरडला, "साहेब, बसा की खाली! मेंढी घावली का लांडग्यानं नेली, ते बाईला वाचू द्या अगुदर!"