कडेच्या रेघा

"आवं, कडंचं आदी काडा," असं म्हणत सर समोरच्याच्या बाहीवरचा सुटलेला दोरा खुडून टाकत आणि मगच बोलायला लागत. समोर मालक असोत की चहावाला, त्यांचा हात आधी दोऱ्याकडे जायचा. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. आपण त्याला हसतो आणि तो रजेवर गेला की आपलं सगळं काम अडतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीत एका कापडदुकानाच्या वर आमचं दोन खोल्यांचं कॉम्प्युटरचं ऑफिस होतं. सर म्हसवडचे, पुस्तकं वाचून प्रोग्रामिंग शिकलेले. मी टायपिंगला होते.

गल्लीतल्या तरुण मंडळानं सांगली, मिरज, कुंडल भागातल्या रक्तदात्यांची कार्डं जमवली होती. त्यांची वेबसाइट करायची होती. रक्तगट निवडला की नावं आणि फोन नंबर दिसावेत, एवढंच काम. कार्डं मी टाइप केली आणि, कबूल करते, गबाळी केली. शब्दापुढे स्पेस सुटायची, टिंबं पडायची. शिवाय मजकूर संपला की पुढे एक-दोन रेघा मारायची मला खोड होती.

"ताई, ह्या रेघा कशापायी?"

"जागा भरल्यासारखी दिसते, सर."

"मशीनला त्ये कळत न्हाई. त्येला 'सांगली' येगळं आन् 'सांगली--' येगळं."

रागावले नाहीत. त्यांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला. प्रत्येक शब्दाच्या दोन्ही कडांची स्पेस, टिंब, स्वल्पविराम आणि रेघ काढून टाकायची. सगळ्या यादीवर तो एकदाच फिरवला. मग 'ओ पॉझिटिव्ह' शोधून पाहिलं, तर नावंच नावं. "बगा, कशी पाखडल्यावानी झालीया," म्हणत सर खुशीत चहा प्यायले. निगेटिव्ह गट शोधून बघायचं कुणालाच सुचलं नाही.

इंटरनेट फार कुणाकडे नव्हतं, म्हणून मंडळानं ऑफिसचाच नंबर सगळीकडे दिला होता. तीन आठवड्यांनी भर दुपारी मिरजेहून फोन आला. बाळंतपणात एका बाईला फार रक्तस्राव होत होता आणि बी निगेटिव्ह रक्त हवं होतं. तिचा नवराच बोलत होता. सरांनी यादीत दोनदा शोधलं. "न्हाई हो दादा, एकबी न्हाई," ते म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी म्हणाले, "सर, बी निगेटिव्हची नावं मी टाइप केलेली आठवतायत."

सरांनी सबंध यादी उघडली. रक्तगटापुढची वजाची खूण मशीनच्या लेखी माझ्या रेघेसारखीच एक रेघ होती. प्रोग्रामनं तीही काढून टाकली होती. नुसता 'बी' उरला होता.

आम्ही कार्डं उपसली. तीन माणसं निघाली, त्यातला एक तर मिरज स्टेशनजवळच राहणारा. शेजाऱ्यांच्या फोनवर तो सापडला आणि हातातलं काम टाकून सायकलवरून धावला. तो पोहोचायच्या आत बाई गेली होती. बाळ वाचलं.

सरांनी त्याच दिवशी प्रोग्राम दुरुस्त केला. नंतर एकेक कार्ड घेऊन यादीशी ताडत बसले.

बारावं-तेरावं उरकून तिचा नवरा ऑफिसात आला. पोरसवदाच होता, डोकं भादरलेलं. "माजं नाव घाला यादीत," तो म्हणाला. "कुनाच्या तरी कामी यील."

सरांनी नाव टाइप केलं आणि उठून उभे राहिले. "दादा, तवा यादीत माणसं हुती. माज्या हातनं पुसली गेली. चूक माजी हाय."

"फोनवर तुमीच हुता व्हय?"

"व्हय."

तो वळला आणि जिना उतरून गेला.

दुसऱ्या दिवसापासून सर आले नाहीत. म्हसवडला जाऊन दुकान टाकलं, असं पुढे कानावर आलं.

ते उभे राहून बोलत होते तेव्हा मी शेजारच्याच टेबलावर होते. रेघा कुणाच्या होत्या हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी मान खाली घालून टाइप करत राहिले. "रेघा माझ्या होत्या" हे एवढंसं वाक्य मी त्या माणसाला सांगितलं नाही, आणि सरांनाही कधी सांगितलं नाही.