जावयाच्या स्वयंपाकघरात

मुकादमबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका कारखान्याच्या कँटीनमध्ये त्यांनी सगळी हयात काढली, आणि हाताखालचे आचारी पाठीमागे त्यांना असं म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, मनातून आवडायचंही. त्यांनी नुसती भुवई उचलली की भाजी चिरणाऱ्याचा हात भराभर चालू लागे. परदेशातल्या लेकीला दिवस राहिले आणि पुढे डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं, तेव्हा बाईंनी लगेच बॅगा भरल्या. मी आले की तुम्ही दोघं नुसते बसा, असं फोनवर बजावूनही टाकलं.

तिथे जाऊन पाहतात तो बसायची वेळ त्यांच्यावरच आली. शेगडीला जाळ नव्हता, नुसती काळी काच. बोट कुठे ठेवायचं तेच कळेना. भांडी धुण्याच्या मशीनमध्ये त्यांनी साधा साबण ओतला आणि फेस स्वयंपाकघरभर झाला. जावई गुडघ्यावर बसून पुसत राहिला. स्वयंपाक तोच करायचा, कपडे तोच वाळत घालायचा, बायकोचे सुजलेले पाय तोच चेपायचा, आणि वर कॉम्प्युटरपुढे बसून नोकरी. भात मोकळा, भाजीला चव. नाव ठेवायला जागा नाही, हेच बाईंना सलत होतं.

दुपारी त्या बाळासाठी लावलेल्या खोलीत दार लोटून बसत आणि धाकट्या बहिणीला फोन लावत. एकदा बहिणीने विचारलं, जावई कसा आहे गं? बाईंना चेव चढला.

"कसला जावई! बायकोच्या ताटाखालचं मांजर. दिवसभर कमरेला एप्रन. ऑफिसात कुणी विचारत नसेल, म्हणून इथे मिरवतो. आणि लेक आमची लोळत पडलेली. अगं, आईविना वाढलेलं पोर ते, घर कशाशी खातात हे त्याला काय कळणार?"

बहीण खो खो हसली. बाईही हसल्या, आणि फोन ठेवून चहासाठी बाहेर आल्या.

ओट्यावर एक पांढरी डबी होती, तिचा हिरवा दिवा लुकलुकत होता. बाळ रडलं तर घरात कुठेही ऐकू यावं म्हणून त्याच दिवशी आणलेलं यंत्र. दुसरी डबी सकाळीच पाळण्याला अडकवून जावई आता ओट्यापाशी ते तपासून पाहत होता. बाळाच्या खोलीतला पंखा त्या डबीतून घरघरत होता. बाई जागच्या जागी थिजल्या. सोफ्यावर लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती.

जावयाने डबी बंद केली. "आवाज स्वच्छ येतो," एवढंच म्हणाला, आणि रोजच्यासारखा चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला.

तो चहा कपातच निवला. कुणी उलट बोललं तर त्याला कसं गप्प करायचं हे त्यांना येत होतं. कुणी काहीच बोललं नाही तर तोंड कुठे लपवायचं, हे येत नव्हतं.

जावई सामान आणायला गेला तेव्हा लेक म्हणाली, "तो तुला काही बोलायचा नाही, म्हणून मी सांगते. त्याची आई गेली तेव्हा तो शाळेत होता. धाकट्या बहिणीला जेवायला घालायचं म्हणून तो स्वयंपाक शिकला. मी लहान असताना तू कँटीनमध्ये असायचीस. मला गरम ताट शेजारच्या काकूंनी वाढलं. मी कधी काही म्हटलं का?"

पुढे कित्येक दिवस जावई स्वयंपाकघरात आला की त्या काही तरी निमित्त काढून उठत. बहिणीचे फोन वाजून वाजून बंद होत. शेवटी एका सकाळी त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"त्या दिवशी मी जे बोलले…"

"ऐकलं मी," कांदा चिरता चिरता जावई म्हणाला. "वाईट वाटलं."

जाऊ द्या, असं तो म्हणेल म्हणून बाई थांबल्या. तो म्हणाला नाही.

"वाटणारच," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं." मग विचारलं, "ही शेगडी मला शिकवाल?"

त्याने हात पुसायला फडकं दिलं. बोट ओलं असलं तर ती लागत नाही म्हणाला. आयुष्यभर आचाऱ्यांना दटावणारी बाई नव्या नोकरासारखी बाजूला उभी राहून बघत होती. दुपारी त्यांनी बहिणीला स्वतःहून फोन लावला आणि सांगितलं, की मला इथे काही जमत नव्हतं, त्याचा राग मी त्याच्यावर काढला; बोलले ते सगळं खोटं. बहीण हवापाण्याचं विचारू लागली.

दिवस भरले. हॉस्पिटलात आत एकालाच सोडत होते. लेकीने नवऱ्याचा हात धरला. बाई बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने जावई दुपट्यात गुंडाळलेली मुलगी घेऊन आला आणि दुसऱ्या कुणाला दाखवायच्या आधी त्याने ती त्यांच्या हातात दिली. "घ्या, आई."

नात डोळे मिटून जांभई देत होती. बाईंना तिच्याकडे धड बघवेना. याने आपल्याला निदान थोडं ताटकळत तरी ठेवायचं होतं, असं त्यांना वाटलं.

पुढचे काही महिने बाई त्या घरात राबल्या. जावई विचारील तेवढंच सांगत, सांगेल तेवढं करत. त्याने तो विषय पुन्हा काढला नाही. पण त्याने "आई" अशी हाक मारली की त्यांची मान आपोआप खाली जाई. परत निघायच्या दिवशीही गेली.