मानोऱ्याच्या बाजारात कोण हरवलं

मी चार वर्षांची असताना बाबा मला मानोऱ्याच्या बाजारात विसरून निघाले होते, हे मी घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगत आले. आमची भाजीची वाडी. बाजाराच्या दिवशी बाबा वांगी-मेथी घेऊन जात, आम्हा दोघी बहिणींनाही नेत. मी सांगायला लागले की ते उठून गायीला पाणी पाजायला जायचे. मला वाटायचं, बरे शरमले!

लेकरं मोठी झाल्यावर मी वाशीमला मानसशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश घेतला. बोधात्मक मानसशास्त्र शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, आठवण म्हणजे कपाटातला फोटो नव्हे, आपण ती दरवेळी नव्याने जुळवतो. एका भावंडाची आठवण दुसरं आपलीच समजून बसतं, असंही संशोधनात दिसलंय. मग प्रात्यक्षिक दिलं: घरातला एक प्रसंग घ्या, प्रत्येकाला वेगळं विचारा, लिहून काढा. मला प्रसंग शोधावा लागला नाही. म्हाताऱ्याला वहीत पकडायचं, एवढाच माझा अभ्यास.

आधी माझं लिहिलं: टोपल्यांतल्या लाल मिरच्या, माणसांच्या टोप्यांच्या वरच्या घड्या, दूरवर पालंच पालं.

मग मोठ्या बहिणीला विचारलं. ती म्हणाली, "हारपली त मी होती. नुसते पाय दिसत होते, पाय अन् चपला. तू बी सांगे, त मले वाटलं, आपुन दोघीबी एकेकदा हारपलो."

मी तिच्याशी भांडले. घरी येऊन दोन्ही पानं शेजारी ठेवली. चार वर्षांच्या पोरीला टोप्या वरून कशा दिसल्या? वही घेऊन मी तशीच वाडीकडे गेले.

बाबा वाडीत मेथी उपटत होते.

"बाबा, बाजारात हारपलं कोन?"

"मोठी. तू त माया खांद्यावर होती. पुरा बाजार हिंडलो तुले घेऊन."

"मंग इतके वर्सं बोलले काहून नाई?"

"सांगतांना तुया डोयात पानी ये. मले वाटे, असन बाप्पा, तुलेबी कधी इसरलो असन. मलेच याद नसन."

मला इतकी लाज वाटली की मी तिथेच वाफ्यात बसले.

"नाई बाबा. मले तुमी कधीच नाई इसरले."

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली.

"पक्कं ना?" ते म्हणाले. "मंग पाहुन्यायलेबी सांग."