तुणतुणे आणण्यासाठी

हुकूम आला तेव्हा आमची बटालियन पीस स्टेशनवर, म्हणजे सीमेपासून दूरच्या छावणीत, होती. सकाळी साडेसातला पीटी संपली, आठ वाजता ॲडज्युटंट साहेबांनी दोन कॉलम, म्हणजे मदतीच्या तुकड्या, तयार ठेवण्यास सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आमची वाहने शिरवळ मागे टाकून साताऱ्याच्या दिशेने येत होती. सांगली जिल्ह्यात कृष्णेला महापूर होता. मी तेव्हा सुभेदार आणि कॉलमचा सीनियर जेसीओ होतो. माझे गाव सातारा जिल्ह्यातच आहे. सगळी नोकरी मुलखाबाहेर काढल्यावर शेवटी आपल्याच मुलखात बोटीने फिरावे लागेल, असे मला वाटले नव्हते.

पुढे जे लिहितो आहे ते मी यापूर्वी अर्ज, स्मरणपत्र आणि शपथपत्र या स्वरूपांत लिहिलेले आहे. ज्यांना पाठवले त्यांच्यापैकी काहींनी ते उघडूनही पाहिले नाही, हे त्यांच्या उत्तरांवरून सिद्ध होते. म्हणून आता नागरिकांसाठी लिहितो.

माझ्या बोटीवर नायक मायाप्पा गोरड होता. जत तालुक्यातला, धनगराचा. शांत, कामाला वाघ, आणि मला मान्य नसलेला एक छंद असलेला. तो टाकाऊ वस्तूंपासून तुणतुणी बनवीत असे. लंगरमधला, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातला, तेलाचा रिकामा डबा घ्यायचा आणि त्याची दोन्ही तोंडे कापायची. एका तोंडावर बँडने टाकून दिलेल्या ढोलाचे कातडे ताणायचे. डब्याला मच्छरदाणीची मोडकी काठी जखडायची. सायकलच्या ब्रेकच्या केबलमधली एक बारीक तार कातड्याच्या मध्यातून ओवून आतल्या बाजूला जुन्या वर्दीच्या पितळी बटणाला अडकवायची. वरच्या टोकाला लाटण्याच्या मुठीची खुंटी. खर्च काहीच नाही. तारेला तो अगदी चिकटून पाच वेढे देई आणि टोक आत वळवून ठोकून बसवी.

"टोक आत कशाला?" मी एकदा विचारले.

"बोट फाटलं तर ट्रिगर कोण दाबणार, साहेब?"

मच्छरदाणीची काठी सरकारी असते. मी त्याच्याकडून लेखी खुलासा मागविला. त्याने खुलाशासोबत स्टोअरमनच्या सहीचा कागद जोडला. काठी रीतसर बाद झालेली होती. "नियम तुमीच शिकिवला की," एवढे म्हणून तो सॅल्यूट करून गेला. बराकीत त्या दिवशी माझ्या पाठीमागे माझे पुष्कळ हसे झाले.

पुरातले पहिले दोन दिवस ठरल्याप्रमाणे गेले. पहाटे पाचला ओबीएम, म्हणजे बोटीचे इंजिन, तपासायचे, सहाला बोट पाण्यात, गावाच्या यादीप्रमाणे माणसे काढायची, यादीवर तलाठ्याची सही घ्यायची. प्रत्येक फेरीची नोंद बोट लॉगमध्ये मी स्वतः करीत असे. लॉगचे अक्षर माझे आहे, हे इथे स्पष्ट सांगून ठेवतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी पंधरा चाळीसला आम्ही वाळवा तालुक्यातील एका गावात शिरलो. गावाचे नाव मी हेतुपुरस्सर लिहीत नाही. यादीनुसार गाव पूर्ण रिकामे होते. फक्त खात्री करायची होती. वाट दाखवायला गावचे कोतवाल बोटीच्या पुढच्या टोकाला बसले होते.

रिकामे गाव मी सीमेवरही पाहिले आहे. पण ते असे नव्हते. पाणी दारांच्या चौकटीपर्यंत चढलेले आणि जागच्या जागी उभे. विजेच्या तारा हाताला लागतील इतक्या खाली. लिंबाच्या फांद्यांना साप वेटोळी घालून होते, एकमेकांच्या अंगावर, आणि एकही हलत नव्हता. एका पत्र्यावर तीन कुत्री बसली होती. बोट पाहून ती भुंकली नाहीत. त्यांनी फक्त माना वळवल्या आणि आम्ही गल्लीत वळेपर्यंत त्या आमच्याकडेच ठेवल्या. मी इंजिन बंद करायला लावले आणि वल्ह्यांनी पुढे निघालो.

तेव्हा तो आवाज आला. एकच सूर, तीन वेळा. मग थांबला. मग पुन्हा तीन वेळा.

कोतवालांनी वल्हे सोडले. "साहेब, बोट माघारी घ्या."

"का?"

"त्ये भिकूतात्याचं घर. तात्या चैतात गेला. त्येचंच तुणतुणं हाय त्ये, डब्याचं, सोता केल्यालं. आख्ख्या गावाला त्येचा आवाज ठावं हाय."

"घरात कोण आहे?"

"कोन न्हाई. म्हातारी इस्लामपूरला लेकीकडं गेली. यादीत बघा की."

मी यादी पाहिली. घर रिकामे. खाली सही होती, शिक्का होता.

मायाप्पा मान तिरकी करून ऐकत होता. "वाऱ्यानं वाजत असंल म्हणावं, तर वारंच न्हाई," तो म्हणाला. "आन् वाऱ्यानं तार गुणगुणती, साहेब. ही तुटक वाजतीया. बोट लावलंय कुनीतरी. आत बटण तिरकं झालंय बघा, घरघर ऐका."

"मेल्याली मानसंबी बोटं लावत्यात," कोतवाल म्हणाले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"मग त्यास्नी बटण सरळ करून देतो की," मायाप्पा हसला.

बोट घराच्या बोळात शिरत नव्हती. मागील बाजूस जोते उंच होते, पाणी छातीपर्यंत. कमरेला बांधायचा दोर मागच्या दारापर्यंतच पुरत होता. मी घड्याळ पाहिले. अजून दोन वाड्या बाकी होत्या. माझ्या हातात सही-शिक्क्याची यादी होती आणि कानांत तो आवाज होता. मी यादीवर विश्वास ठेवला. पण मायाप्पा पाण्यात उतरायला तयार होऊन उभा होता.

"पाच मिनिटं," मी म्हणालो. "आणि कारण काय लिहू?"

"लिवा की, तुणतुणं आणायला गेला," तो म्हणाला, आणि पाण्यात उतरला.

मी तेच लिहिले. "१६१०. नायक गोरड, तुणतुणे आणण्यासाठी घरात." यादीनुसार घरात व्यक्ती नव्हती. 'व्यक्ती शोधण्यासाठी' असे लिहिले असते तर सही झालेल्या यादीला मी खोटे ठरविले असते. आयुष्यभर कागदाचा मान राखलेल्या माणसाने ही ओळ लिहिली. तिची दुसरी कोणतीही सबब नाही.

मागच्या दारात त्याने कमरेचा दोर सोडून कडीला बांधला. तारेचा आवाज थांबला. आत काहीतरी सरकल्यासारखे झाले, मग एक पुरुषी आवाज, शब्द न कळणारा. सोळा पंधराला मी हाक मारली. उत्तर नाही. सोळा अठराला घराची मधली भिंत बसली. मोठा आवाज झालाच नाही. मातीची भिंत पाण्यात विरघळल्यासारखी खाली गेली, कौले तिच्या मागोमाग घसरली, आणि बोळातून तांबडे पाणी बाहेर आले.

"कंट्रोल, अल्फा टू. घर कोसळले. एक जवान आत. मदत पाठवा. ओव्हर."

"अल्फा टू, जवानाचे नाव. ओव्हर."

"नायक गोरड. ओव्हर."

"अल्फा टू, घर यादीत रिकामे आहे. जवान आत कशासाठी? ओव्हर."

मी रेडिओचे बटण दाबून धरले होते.

त्याच वेळी तो सूर पुन्हा आला. तीन वेळा. पडलेल्या घरातून नव्हे. घरांच्या त्याच ओळीच्या पार दुसऱ्या टोकाकडून, उंचावरून. कोतवालांनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि मान गुडघ्यांत घातली. माझ्या अंगावर काटा आला, हे मी कोणत्याही अर्जात लिहिलेले नाही. आणि तो आवाज मी लॉगमध्येही लिहिला नाही. मेलेला माणूस वाजवतो, असे सरकारी कागदावर कोणी लिहीत नाही. आम्ही सगळे मायाप्पाला उकरण्यात गुंतलो.

सतरा पंचवीसला तो सापडला. पाण्यात उतरताना घातलेले लाइफ जॅकेट अंगावर नव्हते.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी सांगितले की आत माणूस आहे असा त्याचा अंदाज होता. प्रिसायडिंग ऑफिसरांनी लॉग माझ्यापुढे सरकवला. "साहेब, अक्षर कोणाचे?" "माझे." "मग हे काय लिहिले आहे?" घटनेच्या वेळी केलेली नोंद नंतरच्या जबानीपेक्षा वजनदार असते, हा पुराव्याचा नियम मीच कंपनीत शिकवीत असे. निष्कर्ष असा आला की, नायक गोरड खासगी वस्तूसाठी, लाइफ जॅकेट काढून, स्वतःच्या निष्काळजीपणाने मृत्यू पावला.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो. सातारला घरी आलो त्या आठवड्यात त्याच्या पत्नीचा, शेवंताचा, फोन आला.

"साहेब, पान्याला गेलं की बाया म्हणत्यात, बाज्यापायी मेल्याची बायकू आली. त्ये तुमच्या हातानं लिवलंय म्हणं. खरं हाय का?"

"खरं आहे."

"मग तुमीच खोडा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सरकारी नोंद खोडता येत नाही. नवा पुरावा द्यावा लागतो. मी लॉगची प्रमाणित प्रत मागितली, नाकारली. अपील केले, मिळाली. फेरचौकशी मागितली, "नवीन बाब नाही" असे उत्तर आले. त्या तीन शब्दांचा मला इतका संताप आला की मी त्याच दिवशी तीन पत्रे लिहिली. तिन्हींची उत्तरे तीच होती, टंकनाच्या चुकांसह. तेव्हा मी पत्रे थांबवून त्या गावी गेलो.

कोतवाल आता म्हातारे दिसत होते. चहा देऊन ते म्हणाले, "तुमी गेल्यावर दुसऱ्या दिशी आमच्या पोरांनी ओळीच्या शेवटच्या घराच्या माळ्यावरनं तात्याची म्हातारी काढली. ती लेकीकडं गेलीच नव्हती. समद्यांस्नी वाटलं, दुसऱ्यानं नेली."

"हे तुम्ही सांगितलं का नाही?"

"कुनी इच्यारलं न्हाई. आन् म्हातारी भरमिष्टावानी बोलती, साहेब. म्हणती, मालक येऊन घिऊन गेला."

तिसऱ्या दिवशी मी इस्लामपुरात तिच्या लेकीच्या दारात होतो. तात्यांच्या पत्नी गोदाक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारी तेलाच्या डब्याचे तुणतुणे होते. मी पूर आठवतो का, असे विचारले.

"आठिवतो की. माळ्यावर अंधार हुता. पानी माळ्याच्या शिडीला लागल्यालं. वरडून घसा बसला. मग ह्यांचं तुणतुणं घेटलं आन् वाजीवलं. वाजीवलं की त्ये याचे, जितं असताना. मळ्यात असले तरी याचे."

"मग?"

"मग आले की."

"कोण?"

"आमचं मालक. तोंड दिसलं न्हाई. पर पयल्यांदा काय बोलले म्हायतीय? 'बटण तिरकं झालंय.' दुसरं कोन असं बोलंल? ह्येच बोलायचे, रोज." त्यांनी माझ्या मनगटाला हात लावला. हात थंड होता. "अंगातलं काडून माज्या अंगात घाटलं, दोरी बांदली, आन् म्हणले, माळ्या-माळ्यानं फुडं सरक, मागं बगू नगंस, वाजवीत ऱ्हा. मी फुडं गेले. त्ये मागं ऱ्हायले. न्हवरा मागं ऱ्हातो व्हय, आवं? पर मेल्याला मानूस यिऊन यिऊन कितींदा येनार."

त्या ओळीतल्या घरांचे माळे एकमेकांना जोडलेले आहेत. लग्नकार्यात मोठी भांडी त्याच वाटेने फिरतात. हे मला त्या दिवशी माहीत नव्हते. मायाप्पाने आत जाऊन बघितले आणि ते त्याच्या लक्षात आले.

"अंगात काय घातलं होतं?" मी विचारले.

लेकीने खुंटीवरून एक केशरी जॅकेट काढून आणले. तसली शेकडो त्या पुरात वाटली गेली होती. पण याचा बकल तुटलेला होता आणि त्या जागी ब्रेकच्या केबलची तार गुंडाळलेली होती. मी चष्मा लावला. चिकटून पाच वेढे. टोक आत वळवून ठोकलेले. मी त्यावरून बोट फिरवले. कुठेही टोचले नाही.

म्हातारीला मी सांगितले नाही की तो तिचा नवरा नव्हता. शपथपत्रात मात्र सगळे लिहिले. जॅकेटचे छायाचित्र जोडले, मायाप्पाच्या घरून मागवलेल्या एका तुणतुण्याच्या तारेचे जोडले. गोदाक्कांची जबानी शब्दशः दिली, त्यांच्या समजुतीसह. आणि पहिल्या परिच्छेदात लिहिले की, सोळा दहाची नोंद मी केली, ती चुकीची होती, ती मृताने गमतीने म्हटलेल्या वाक्यावरून केली, आणि तिच्या परिणामांची जबाबदारी माझी आहे. वकिलांनी तो परिच्छेद गाळायला सांगितले. मी वकील बदलला.

सुधारित निष्कर्ष यायला जितका वेळ लागला त्याबद्दल माझे मत संबंधितांना लेखी कळविलेले आहे. निष्कर्ष असा की, नायक गोरड यांचा मृत्यू कर्तव्य बजावताना, नागरिकाचा जीव वाचविताना झाला.

कागद घेऊन मी जतच्या बाजूला त्यांच्या वाडीवर गेलो. शेवंताने तो दोन्ही हातांनी घेतला, वाचला, आणि परत दिला.

"मला देऊन काय उपेग? मला ठावंच हुतं. आज ग्रामसभा हाय. तितं वाचा. मोठ्यानं."

समाजमंदिरात सत्तर-ऐंशी माणसे होती. बायका मागे बसल्या होत्या. मी कागद वाचला. एक म्हातारा म्हणाला, "मग आदी तसं कुनी लिवलं हुतं, साहेब?"

मी सावधान उभा राहिलो. परेडच्या आवाजात सांगितले की, ती ओळ मी लिहिली. ती खोटी होती. नायक मायाप्पा गोरड ड्यूटीवर होता. त्याला आत जाण्याची परवानगी मी दिली होती, आणि आत माणूस आहे हे त्या बोटीत फक्त त्याने ओळखले होते.

मागच्या बायकांपैकी एक उठली आणि शेवंताला बसायला आपल्या शेजारी जागा करून दिली.